नंबर जुळले, गाडी खोटी निघाली

अमेरिकेत जुनी कॉर्व्हेट, म्हणजे शेव्हरलेची स्पोर्ट्स कार, घ्यायचं मनात असेल, त्यातही १९६७ ची ४२७ घनइंची इंजिनवाली, तर पैसे देण्याआधी हे वाचा. इथल्या जाणकारांना हा प्रकार जुनाच आहे. आपल्या मंडळींना ही हौस अलीकडे लागली आहे आणि विकणारे ते बरोबर हेरतात.

मी घेतलेली गाडी पेनसिल्व्हेनियात होती. मरीना ब्लू रंग, लखलखीत क्रोम, गॅरेजच्या फरशीवर तेलाचा थेंब नाही. मालक आजोबांच्या वयाचे, आग्रहाने कॉफी पाजणारे. जाहिरातीत लिहिलं होतं: एल-७१ (४२७ चाच ४३५ हॉर्सपॉवरचा प्रकार), तीन कार्ब्युरेटर, मॅचिंग नंबर्स, म्हणजे इंजिन याच गाडीचं मूळचं. त्या वर्षीच्या २२,९४० कॉर्व्हेटपैकी एल-७१ फक्त ३,७५४, त्यामुळे हिचा भाव साध्या इंजिनवाल्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त. आणि तीन कार्ब्युरेटरचं मॅनिफोल्ड, तिकोनी एअर क्लीनर, फुगीर बॉनेट, सगळं बाजारात विकत मिळतं.

मग खरी-खोटी ठरते कशावर? इंजिनावर पॅसेंजरच्या बाजूच्या सिलिंडर हेडपुढे एक छोटा सपाट पॅड असतो. त्यावर गाडीच्या चॅसिस नंबरातले शेवटचे आकडे आणि इंजिन कारखान्याचा शिक्का ठोकलेला असतो: टोनावांडा इथल्या कारखान्याचा ‘टी’, महिना, तारीख, शेवटी दोन अक्षरं. एल-७१ ला ‘जेई’, ३९० हॉर्सपॉवरवाल्याला ‘आयएल’. माझ्या गाडीवर ‘जेई’ होतं आणि आकडेही जुळत होते, कारण कुणीतरी ते नव्याने ठोकले होते. मूळ आकडे घासले की कारखान्यात पॅड तासून सपाट करताना (ब्रोचिंग) त्यावर उठलेल्या बारीक समांतर रेघाही जातात. मग त्याही खोट्या ओढायच्या. सराईत हाताचं काम फोटोत कळत नाही. बरं, इंजिन प्रामाणिकपणे ओव्हरहॉल करताना तो भाग मशीनवर घेतला तरी रेघा जातातच, त्यामुळे विकणाऱ्याकडे उत्तर तयार असतं.

फाइल जाडजूड होती. पेट्रोलच्या टाकीवरच्या स्टिकरची प्रत, वॉरंटीच्या पुस्तिकेतली धातूची प्लेट. दोन्हींच्या नकला करून मिळतात. एनसीआरएस या कॉर्व्हेटवाल्यांच्या संस्थेचा शिपिंग रिपोर्ट मात्र अस्सल, आणि तोच सगळ्यात वर लावलेला. त्यात गाडी कधी बनली, कुठल्या डीलरकडे गेली एवढंच असतं. इंजिनाबद्दल अवाक्षर नसतं. एका खऱ्या कागदाच्या आडोशाला बाकीचे खोटे कागद खपून गेले.

बिंग फुटलं ते हीटरमुळे. दुरुस्तीला गाडी दिली तेव्हा म्हाताऱ्या मेकॅनिकने पॅसेंजरच्या बाजूला फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर, हात फिरवला आणि म्हणाला, इथे फायबरग्लासचं ठिगळ आहे. एसीच्या युनिटसाठीची मोठी जागा बुजवून, रंगवून टाकली होती. एल-७१ बरोबर शेव्हरले एसी देतच नव्हती! म्हणजे ही गाडी सेंट लुईसच्या कारखान्यातून निघाली ती वेगळंच इंजिन घेऊन. ३९० वालं असेल, नाहीतर साधं ३२७.

वकिलाने बिल ऑफ सेल पाहून मान हलवली. त्यावर वर्ष, मॉडेल आणि ‘ॲज इज’ (आहे तशी, हमी नाही), बस्स. जाहिरात तोवर उतरवलेली. आजोबा फोनवर म्हणाले, मी घेतली तेव्हाही अशीच होती. असेलही, पण मग पॅडचा फोटो मी न मागता का पाठवला होता?

तेव्हा इंजिन मूळचंच आहे हे बिलावर लिहून, सही करून मागा. मालक टाळाटाळ करू लागला तर गाडी बिनभरवशाची धरून भाव करा. तपासणीला माणूस तुमचा न्या, मालकाच्या ओळखीचा नको. त्याला पॅडबरोबर गिअरबॉक्सवरचा नंबर, ग्लोव्ह बॉक्सखालची चॅसिस नंबराची पट्टी, फायरवॉल आणि डॅशबोर्डवरच्या एसीच्या झरोक्यांच्या जागा बघायला सांगा. नकली काम करणारा पॅडवर जीव ओततो, बाकीकडे इतकी मेहनत घेत नाही.

आजोबांनी सध्या आणखी एक ६७ ची कॉर्व्हेट विकायला काढली आहे. पहिलाच फोटो पॅडचा आहे. फायरवॉलचा एकही नाही.