एम्बेझल, चीट की स्टील? सोसायटीच्या इंग्रजी तक्रारीत कोणतं क्रियापद लिहावं

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत खजिनदाराच्या हिशेबात गडबड निघते. मराठी अर्जात ‘अपहार केला’ लिहून भागतं. तीच तक्रार इंग्रजीत लिहायची म्हटली की तीन-चार क्रियापदं समोर येतात, आणि बहुतेक जण त्यातलं सर्वांत जड वाटणारं उचलतात. पण रक्कम किती, यावर शब्द ठरत नाही. पैसा त्या माणसाच्या हातात कसा आला, हे आधी बघा.

खजिनदाराने मेंटेनन्सचे १८,००० रुपये रोख घेतले, पावतीही फाडली, पण बँकेत भरणा केलाच नाही: एम्बेझल. ठेकेदाराने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी खोटी कागदपत्रं दाखवून ४०,००० रुपये आगाऊ घेतले, काम करायचं त्याच्या मनात मुळातच नव्हतं: चीट. पंपरूममधली मोटार रात्री कुणी उचलून नेली: स्टील. पहिल्यात पैसे विश्वासाने सोपवले होते, नियत नंतर फिरली. दुसऱ्यात पैसे तुम्हीच दिलेत, पण थापेला भुलून. तिसऱ्यात कुणी काही दिलंच नव्हतं.

एम्बेझल हा शब्द इंग्रजीत अँग्लो-नॉर्मन फ्रेंचमधून आला. मुळात नासधूस करण्याच्या अर्थाशी त्याचं नातं. त्याला कायद्यात पक्की जागा मिळाली ती १७९९ साली, लंडनमधल्या बेझली खटल्यामुळे. बेझली या बँकेतल्या कारकुनाने ग्राहकाने जमा करायला दिलेल्या रकमेतली १०० पौंडांची नोट गल्ल्यात न टाकता खिशात घातली. नोट बँकेच्या ताब्यात आलीच नव्हती, मग बँकेची चोरी झाली कशी? या पेचातून तो सुटला, आणि ती फट बुजवायला ब्रिटिश संसदेने त्याच वर्षी कायदा केला. आपल्या खजिनदाराची पावती आणि न झालेला भरणा यांची जात अगदी हीच.

चीटची कूळकथा आणखी बोलकी आहे. वारस नसलेली जमीन राजाकडे जमा होणं म्हणजे एस्चीट. ती जमा करणारे अधिकारी लोकांना इतके नाडत की त्याच शब्दातून फसवण्याचं क्रियापद निघालं. मूळ एस्चीट मात्र आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २९६ मध्ये जुन्या अर्थानेच टिकून आहे.

पोलीस ठाण्यात द्यायच्या अर्जासाठी आमची पसंती चौथ्या शब्दाला: मिसअप्रोप्रिएट. भारतीय न्याय संहितेत एम्बेझलमेंट नावाचा वेगळा गुन्हाच नाही. चोरी कलम ३०३, अपहार म्हणजेच मिसअप्रोप्रिएशन ३१४, विश्वासघात ३१६, फसवणूक ३१८. सभासदांना मेल लिहिताना एम्बेझल चालेल. अर्जात कायद्याचाच शब्द असलेला बरा. आणि जोर यावा म्हणून एकाच रकमेसाठी विश्वासघात व फसवणूक दोन्ही लिहू नका. दिल्ली रेस क्लब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं की एकाच घटनेत हे दोन गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत: फसवणुकीत लबाडी सुरुवातीलाच असते, विश्वासघातात नंतर शिरते.

वाक्यरचनेत हमखास चुका होतात. एम्बेझल, मिसअप्रोप्रिएट आणि स्टील यांचं कर्म पैसा किंवा वस्तू. ज्याचं गेलं त्याच्याआधी ‘फ्रॉम’. चीटचं कर्म माणूस. ‘आम्हाला फसवलं’ यातला ‘ला’ डोक्यात राहतो आणि ‘चीटेड टु अस’ लिहिलं जातं. तिथे ‘टु’ नको. ‘चीटेड अवर मनी’ही चूक, ‘चीटेड अस आउट ऑफ अवर मनी’ बरोबर. स्पेलिंगमध्ये एम्बेझलला झेड दोन.

अर्ज हिंदीतही काढणार असाल तर ‘अफरातफर’ तसाच उतरवू नका. हिंदीत ‘अफरा-तफरी’ म्हणजे पळापळ, गोंधळ; तिथे ‘गबन’ लिहा.

ऑडिट अजून व्हायचं असेल तर वरचं एकही क्रियापद नावानिशी वापरू नका. आरोप सिद्ध झाला नाही तर बदनामीचं कलम ३५६ तुमच्यावरच उलटू शकतं. तोवर ‘हॅज फेल्ड टु अकाउंट फॉर’ लिहा, म्हणजे हिशेब दिलेला नाही, आणि त्यापुढे पावती क्रमांक, तारीख, रक्कम आणि त्या महिन्याच्या बँक पासबुकाची प्रत जोडा.