हेलियमचा वर्णपट दाखवणारा शालेय संच : उपकरण उत्तम, पुस्तिका अपुरी

सोलापुरातील आमच्या माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेसाठी यंदा हातात धरून पाहण्याचा स्पेक्ट्रोस्कोप (प्रकाश त्याच्या रंगांमध्ये विभागून दाखवणारे उपकरण) आणि वायुनळ्या असा एक संच घेतला. त्यात हायड्रोजन, हेलियम आणि निऑन यांच्या काचेच्या नळ्या, त्यांना उच्च व्होल्टेज पुरवणारी पेटी, लिथियम क्लोराइडची लहान बाटली, निक्रोमची तार आणि विश्वातील हलक्या मूलद्रव्यांवरील एक मराठी पुस्तिका मिळते. शाळांनी हा संच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुस्तिका मात्र शिक्षकाने आधी स्वतः वाचावी, दुरुस्त करावी आणि मगच मुलांच्या हाती द्यावी.

खोलीत पुरता अंधार असल्याशिवाय या संचाचा उपयोग नाही, आणि सोलापूरच्या दुपारी असा अंधार करणे सोपे नसते. आम्ही खिडक्यांवर जाड सोलापुरी चादरी दुहेरी करून टांगल्या, तेव्हा कुठे रेषा स्वच्छ उठून दिसू लागल्या. हेलियमच्या नळीचा प्रकाश नुसत्या डोळ्यांना फिकट गुलाबीसर दिसतो. स्पेक्ट्रोस्कोपची फट नळीला समांतर धरली, की तोच प्रकाश सुट्या रेषांमध्ये विभागला जातो. तरंगलांबीच्या पट्टीवर ६६८ नॅनोमीटरजवळ लाल, ५८८ जवळ झगझगीत पिवळी, ५०२ जवळ हिरवी आणि ४४७ जवळ निळसर जांभळी रेषा मुलांना कोणाच्या मदतीशिवाय वाचता आली. हायड्रोजनच्या ६५६ आणि ४८६ जवळच्या रेषाही तितक्याच ठळक दिसतात. या किमतीच्या उपकरणाकडून याहून अधिक अपेक्षा करता येणार नाही.

त्याची मर्यादा त्या पिवळ्या रेषेवरच लक्षात येते. बर्नरच्या ज्योतीत मीठ धरले, की सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन रेषा मिळतात, तर हेलियमची रेषा ५८७.६ वर असते. या पट्टीवर तिन्ही एकाच जागी दिसतात. माझ्या दृष्टीने ही उणीव शिकवण्यासाठी फार मोलाची आहे, कारण १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात अनेक निरीक्षकांपुढे हीच अडचण होती. त्या ग्रहणाचा पट्टा आपल्या अगदी शेजारून गेला होता. कॅप्टन हेग यांनी विजापुरात आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी त्याच्या पुढे जमखंडीला स्पेक्ट्रोस्कोप लावले होते, आणि हर्शेल यांना सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या प्रकाशात लाल, नारिंगी आणि निळी अशा तेजस्वी रेषा दिसल्या होत्या. ती मधली नारिंगी रेषा सोडियमची नाही, हे पुढे काटेकोर मोजमाप झाल्यावरच ठरले.

पुस्तिकेत जमखंडीचा उल्लेखही नाही. उलट, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गच्या किल्ल्यावरून हेलियम शोधला, ही महाराष्ट्रात सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट तिने जशीच्या तशी छापली आहे. लॉकियर त्या ग्रहणाच्या वेळी इंग्लंडमध्ये होते, आणि त्यांनी ती रेषा २० ऑक्टोबर १८६८ रोजी तिथूनच, ग्रहण नसताना पाहिली. त्या गोष्टीशी जोडल्या गेलेल्या किल्ल्यावरच्या ओट्यांविषयी आपल्याला कितीही जिव्हाळा असला, तरी मुलांना खरे तेच सांगायला हवे.

आमच्या वर्गात हमखास येणारा एक प्रश्न असा, की सूर्यात एवढा हेलियम असेल तर दिवसा आकाशाकडे स्पेक्ट्रोस्कोप धरल्यावर (सूर्याकडे थेट कधीही धरू नये) त्याची रेषा का दिसत नाही. पुस्तिका याविषयी गप्प आहे. हेलियमची ही रेषा उमटण्यासाठी त्याच्या इलेक्ट्रॉनला आधी सुमारे २० इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचे एकक) इतके वर उचलावे लागते, आणि सूर्याच्या पृष्ठभागाचे सुमारे ५,८०० केल्व्हिन तापमान त्यासाठी पुरत नाही. म्हणून सूर्यप्रकाशात सोडियम, लोह, कॅल्शियम यांच्या काळ्या रेषा दिसतात, पण हेलियम तिथे असूनही लपून राहतो. रेषेची ठळकता आणि मूलद्रव्याचे प्रमाण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मेघनाद साहा यांच्या १९२० च्या समीकरणामुळे (कोणत्या तापमानाला किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात हे ते सांगते) समजले, आणि त्याच्या आधारे खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये ताऱ्यांत हायड्रोजन व हेलियमच प्रचंड प्रमाणात आहेत, असे दाखवले. एका भारतीय शास्त्रज्ञाचे एवढे मोठे काम या विषयाच्या केंद्रस्थानी असताना पुस्तिकेत त्यांचे नावही नसावे, याचे मला वाईट वाटते.

सर्वांत गंभीर चूक मात्र पुढे आहे. ‘हायड्रोजन सोडून सर्व मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात तयार झाली’ असे पुस्तिका ठामपणे सांगते. हेलियमपुरते हे विधान जवळजवळ उलटे आहे. विश्वाच्या आरंभीच्या काही मिनिटांत, तापमान सुमारे शंभर कोटी अंशांपर्यंत उतरले तेव्हा, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या जोडीचे ड्यूटेरियम टिकू लागले. त्याआधी ते तयार होताच प्रखर प्रकाशकण ते फोडून टाकत होते. त्या क्षणी दर सात प्रोटॉनमागे एक न्यूट्रॉन उरला होता. मी वर्गात ज्वारीचे १४ दाणे (प्रोटॉन) आणि तुरीचे २ दाणे (न्यूट्रॉन) टेबलावर मांडून हा हिशेब करवून घेतो : दोन तुरी आणि दोन ज्वारी मिळून हेलियमचे एक अणुकेंद्र बनते, आणि उरलेले १२ दाणे हायड्रोजन म्हणून सुटे राहतात. सोळांपैकी चार, म्हणजे वजनाने एक चतुर्थांश. ताऱ्यांत घडलेल्या द्रव्याची सर्वांत कमी मिसळण झालेल्या दूरच्या वायुमेघांत हेलियमचे प्रमाण जवळपास तेवढेच आढळते. त्यानंतर सुमारे ९०० कोटी वर्षांनी सूर्य जन्मला, तेव्हा त्याच्या द्रव्यात हेलियम २७ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे मधल्या साऱ्या ताऱ्यांच्या पिढ्यांनी त्यात दोन-तीन टक्क्यांचीच भर घातली. हा एक आकडा छापला असता, तरी पुस्तिकेचे विधान तिथेच गळून पडले असते.

ताऱ्यांचे श्रेय यामुळे कमी होत नाही. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर करतो. शिवाय पाच किंवा आठ कणांचे स्थिर अणुकेंद्रच नसल्यामुळे आरंभीची घडण लिथियमपाशी थांबली, आणि तीन हेलियम केंद्रे एकत्र येऊन कार्बन घडण्यासाठी ताऱ्यांच्या गाभ्यातील दाब आणि सवड लागली. हा भाग पुस्तिकेने चांगला लिहिला आहे. मात्र आपल्या नळीतला हेलियम या दोन्हींपैकी कुठलाच नाही, हेही तिने सांगायला हवे होते. तो पृथ्वीच्या खडकांतील युरेनियम आणि थोरियम यांच्या क्षयातून साठलेला, विहिरींतून नैसर्गिक वायूबरोबर वर येणारा हेलियम आहे. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांनाही तो युरेनियमच्या खनिजातूनच मिळाला होता.

लिथियमच्या बाटलीचा उपयोग पुस्तिकेने फक्त ज्योतीच्या किरमिजी रंगापुरता ठेवला आहे. वास्तविक त्याची ६७१ नॅनोमीटरची रेषा हीच आज संशोधकांना सतावणारी रेषा आहे. मोनिक आणि फ्रान्स्वा स्पिट यांनी १९८२ मध्ये जुन्या ताऱ्यांतील लिथियम मोजला, आणि आरंभीच्या घडणीच्या गणितातून येणारे प्रमाण त्याच्या सुमारे तिप्पट निघते. हा फरक कशामुळे पडतो, यावर आजही एकमत नाही. दहावीच्या मुलाला न सुटलेला प्रश्न दाखवण्याची इतकी सोपी संधी क्वचितच मिळते.

घेण्यापूर्वी काही गोष्टी तपासून घ्याव्यात. स्पेक्ट्रोस्कोपची फट कमी-जास्त करता येत नाही, आणि ग्रेटिंगच्या (प्रकाश रंगांत विभागणाऱ्या बारीक रेघांच्या) पातळ पत्र्याला बोट लागले की रेषा धूसर होतात. नळी बदलताना पेटीची वायर प्लगमधून काढलीच पाहिजे, आणि नळी एका वेळी अर्ध्या मिनिटाहून अधिक चालू ठेवू नये, कारण ती तापते. आमच्या संचातील हायड्रोजनच्या नळीची धातूची टोपी सैल होती. विक्रेत्याने ती बदलून दिली, पण त्याला बराच वेळ लागला. ऑर्डर देतानाच हेलियमची एक जादा नळी मागून घ्यावी, कारण सर्वांत जास्त वापरली जाते ती तीच, आणि सुटी नळी नंतर मिळवणे सोलापुरात कठीण जाते.