व्हॉट्सॲपचं डिलीट आणि गायब होणारे मेसेज: आमच्या वाडीच्या ग्रुपवर वापरून झाल्यावर

मी देवगड तालुक्यातला. आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला तीन ॲडमिन आहेत, त्यातला मी एक. ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं, निम्म्याहून जास्त मुंबईचे चाकरमानी. लाइट कधी येणार, एसटी आली का, पालखी कोणाच्या घरी कधी, आंब्याची गाडी वाशीला कधी सुटतेय, कोण गेलं, सगळं तिथेच कळतं. हा ग्रुप नसता तर आमचं अडलं असतं हे मी मनापासून सांगतो, त्यामुळे खालचं सगळं तक्रार म्हणून वाचू नका. पण टाकलेलं पुसायच्या ज्या सोयी ॲपमध्ये आहेत त्या नेमकं काय करतात आणि काय करत नाहीत हे मला आत्याच्या सातबाऱ्यावरून कळलं, म्हणून लिहितोय.

आत्या ६८ वर्षांची. वडिलोपार्जित कलमांच्या जमिनीवर अजून आजोबांची आणि त्यांच्या भावांची नावं, वारसनोंद रखडलेली. एका रात्री वैतागून तिने सातबाऱ्याचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की भाऊ सह्या करत नाहीत, कंटाळले आता, कोणी माहितगार असेल तर फोन करा, आणि स्वतःचा नंबर. त्यातला एक भाऊ म्हणजे माझे बाबा. म्हणजे घरातलं सगळं चव्हाट्यावर.

सकाळी तिचं तिलाच वाईट वाटलं आणि तिने मेसेज काढला. फक्त काढताना ‘डिलीट फॉर मी’ दाबलं. तिच्या फोनवरून मेसेज गेला, तिला वाटलं मिटलं, आणि बाकी दोनशे फोनांवर तो जसाच्या तसा. ही चूक इतके लोक करतात की व्हॉट्सॲपने २०२२च्या शेवटी त्यावर अन्डू दिलं, पण ते पाच सेकंद, आणि पाच सेकंदात आत्याचा चष्मा पण सापडत नाही. आणि एकदा ‘फॉर मी’ केलं की तो मेसेज आपल्याकडे उरतच नाही, मग ‘फॉर एव्हरीवन’ करणार कशावर? दुपारी मी बघितलं तेव्हा ॲडमिन म्हणून काढला. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, ही फार कामाची सोय आहे, ज्यांच्या ग्रुपवर वयस्कर माणसं आहेत त्यांनी दोनतीन जागरूक माणसं ॲडमिन ठेवाच.

तरी तिसऱ्या दिवशी मुंबईहून एका जमीन एजंटचा फोन. ताई, तुमचा हिस्सा मी मोकळा करून देतो, भावांची चिंता करू नका. गट नंबर तोंडपाठ. आत्याने मला फोन केला, आवाज कापत होता, “मी ता काढून टाकलंय, मगे ता अजून कसा फिरता?”

कोणीतरी म्हणेल सातबारा सरकारच्या महाभूलेख वेबसाइटवर कोणालाही दिसतो, त्यात काय लपवायचं? दिसतो, बरोबर आहे. पण महाभूलेखवर भावंडांचं पटत नाही हे लिहिलेलं नसतं, बाई थकलीय हे पण नसतं, आणि नंबर तर नसतोच. कोकणात जमिनीवर टपलेल्यांना नेमकं हेच तर हवं असतं.

आता ‘डिलीट फॉर एव्हरीवन’चं. २०१७ला आलं तेव्हा फक्त ७ मिनिटं मिळायची, मग तासाभराच्या आसपास झालं, ऑगस्ट २०२२पासून २ दिवस आणि १२ तास झाले. मुदत वाढली हे चांगलंच, पण मुदत कितीही द्या, पुढे फॉरवर्ड झालेली कॉपी ते काढत नाही, स्क्रीनशॉट काढत नाही. शिवाय मेसेज काढल्यावर तिथे ‘मेसेज डिलीट केला’ अशी पाटी राहते, आणि वाडीत ती पाटी दिसली की अर्ध्या तासात चार फोन येतात, काय होतं ओ?

त्यानंतर आम्ही ग्रुपवर गायब होणारे मेसेज चालू केले. हे नोव्हेंबर २०२०ला सात दिवसांवर सुरू झालं, २०२१च्या डिसेंबरात २४ तास आणि ९० दिवस हे पर्याय आले. आम्ही ९० ठेवलेत, कारण सात दिवसांत पालखीचं वेळापत्रकच उडेल. हे मला खरंच आवडलंय, रोजची भांडणं, आजारपणाचे फोटो, बँकेच्या पासबुकाचे फोटो (हो, टाकतात) वर्षानुवर्षं कोणाच्या फोनमध्ये पडून राहत नाहीत. पण चालू केल्यानंतरच्याच मेसेजना ते लागू होतं, जुनं सगळं तसंच राहतं. दुसऱ्या ग्रुपवर फॉरवर्ड केलेलं तिथे राहतं. कोणी मेसेजला रिप्लाय दिला तर वर जो तुकडा दिसतो तोसुद्धा राहू शकतो. व्हॉट्सॲप स्वतः सांगतं की विश्वासातल्या माणसांशीच हे वापरा. आणि दोनशे माणसांतल्या साठ जणांना तर मी ओळखत पण नाही, कोणाची सून, कोणाचा जावई.

एक बारीक गोष्ट मला फार आवडली. २०२३पासून एखादा गायब होणारा मेसेज जपून ठेवता येतो, पण तो ज्याने लिहिला त्याला नको असेल तर तो नाकारू शकतो. शेवटचा शब्द लिहिणाऱ्याचा. असंच असायला पाहिजे. एप्रिल २०२५ला ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी पण आली, त्याने आख्खं चॅट एक्सपोर्ट करणं बंद होतं आणि फोटो आपोआप गॅलरीत उतरत नाहीत. आम्ही लगेच चालू केलं. एकदाच बघता येणारा फोटो ठीक आहे, स्क्रीनशॉट निघत नाही, पण शेजारचा दुसऱ्या फोनने फोटो काढतोच. टेलिग्रामवर २०१९पासून दोघांमधल्या चॅटमध्ये कितीही जुना मेसेज दोन्हीकडून पुसता येतो, हे त्यांचं सरस, पण वाडी काही टेलिग्रामवर जायची नाही.

सगळ्यात मोठी उणीव मात्र मला वेगळीच वाटते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर मूळ तारीख नसते. आमच्या भागातली एक मुलगी घरी भांडून निघून गेली होती, घाबरून घरच्यांनी फोटो, नाव, शाळा, फोन नंबर सगळं टाकलं, संध्याकाळी ती मावशीकडे सापडली. सापडल्याचा मेसेज दहा जणांनी पुढे पाठवला असेल, हरवल्याचा किती लोकांनी ते मोजायलाच नको. चार वर्षांनी तिचं लग्न ठरत होतं तेव्हा तोच मेसेज मुलाकडच्यांच्या ग्रुपवर आला, जणू आजच हरवलीय. २०२०पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, त्याने वेग कमी होतो, पण मेसेज मरत नाही. आता आमच्याकडे नियम आहे, हरवलं, रक्त पाहिजे, मदत पाहिजे, काहीही असो, मेसेजच्या आतच दिवस, महिना, साल लिहायचं आणि नंबर शक्यतो पोलीस ठाण्याचा द्यायचा.

कायद्याचं एका वकील मित्राला विचारलं. २०१७च्या ऑगस्टात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, २०२३ला डेटा संरक्षणाचा कायदा पण झाला, त्यात माहिती पुसून घ्यायचा हक्क आहे. पण कोणी वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरत असेल तर तो कायदा लागत नाही, आणि आपणच जी माहिती सगळ्यांसमोर जाहीर केली तिलाही लागत नाही. म्हणजे चुलतभावाने फॉरवर्ड केलं तर त्या कायद्याखाली फारसं काही हातात नाही.

अजून एक, हे चाकरमान्यांसाठी. गणपती झाले की निघताना बंद दाराचा फोटो टाकता ना, कडीला कुलूप, पुढे तुळस, खाली ‘आता भेट शिमग्याला’. मला पण बघून भरून येतं. पण त्या एका फोटोत घर कुठलं, कुलूप कसलं आणि किती महिने आत कोणी नाही हे सगळं आलं. मुंबईला पोचून चार दिवसांनी गणपतीचा फोटो टाका, दाराचा नको.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. ग्रुप चालवायला उत्तम, ९० दिवसांची सोय आणि ॲडमिनचं डिलीट यासाठी पूर्ण मार्क, अर्धा मार्क ‘फॉर मी’ आणि ‘फॉर एव्हरीवन’ शेजारी शेजारी ठेवल्याबद्दल कापला, एक त्या तारखेसाठी.

वारसनोंदीचं म्हणाल तर बाबा आणि आत्या गेल्या महिन्यात तलाठ्याकडे एकत्र जाऊन आले. आत्याला अजून अधूनमधून अनोळखी नंबरवरून फोन येतात, ती उचलत नाही, नंबर मला पाठवते. फक्त मला.