फ्रँकलिनला माती धुऊन माणिक शोधायला जायचं असेल तर आधी हे वाचा

आमच्या वस्तीतल्या दर तिसऱ्या घरातलं कोणी ना कोणी उन्हाळ्यात लेकीकडे नाहीतर लेकाकडे अमेरिकेला जातं. नायगारा, न्यूयॉर्क झालं की पुढे काय, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. नातवंडांना आपल्यासोबत रमवायचं तर असं काहीतरी हवं, की ज्यात त्यांचेही हात चालतील आणि आपलेही. माझी लेक अटलांटाला असते. या जूनमध्ये तिनं आम्हाला नॉर्थ कॅरोलिनातल्या फ्रँकलिन गावाला नेलं, माती धुऊन कच्ची रत्नं शोधायला. दोन दिवसांत दोन वेगळ्या ठिकाणी बसलो. पहिलं मला पटलं नाही. दुसऱ्या ठिकाणी मी पुन्हा जाईन, आणि तुम्हीही जा.

अटलांटाहून गाडीनं अडीच तास लागतात. डोंगरातलं छोटं गाव आहे. त्याच्या उत्तरेला कावी नावाचं खोरं आहे, तिथल्या ओढ्याकाठच्या मातीत माणकं आणि नीलम सापडतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी या भागात खाणी निघाल्या त्या दागिन्यांसाठी नव्हे, तर घासायला-पाजवायला लागणाऱ्या कुरुंदासाठी. पुढे माणकांचा मूळ साठा कुठं आहे हे शोधायलाही कंपन्या आल्या. फायद्यात चालेल असा साठा काही लागला नाही, त्या निघून गेल्या, आणि खोरं हौशी लोकांसाठी उरलं.

कुरुंद म्हटल्यावर आमच्या ह्यांचे डोळे चमकले. ह्यांची सगळी नोकरी आमच्या नागपूरजवळ मनसरकडे मँगनीजच्या खाणीत गेली, त्यामुळे दगड म्हटला की ह्यांना बाकी काही सुचत नाही. कुरुंद म्हणजेच कोरंडम, आणि ते इंग्रजी नावही आपल्याच देशातल्या शब्दावरून गेलेलं. त्यात थोडं क्रोमियम मिसळलं की तो लाल होतो, त्याला आपण माणिक म्हणतो. लोह आणि टायटॅनियम असलं की निळा होतो, तो नीलम. आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात पोहऱ्याकडेही कुरुंद निघतो. गाडीत बसल्या बसल्या ह्यांनी हे सगळं ईशान आणि ओवीला सांगितलं. ईशान बारा वर्षांचा, ओवी आठ. दोघं कान देऊन ऐकत होते.

आता माती जिच्यात धुतात ती पन्हळ कशी असते ते सांगते. कमरेइतक्या उंचीची लांबच लांब लाकडी पन्हळ, तिच्यातून पाणी सतत वाहत असतं. दोन्ही बाजूंना बाकं. मातीची बादली तुमच्याजवळ ठेवतात आणि हातात लाकडी चौकटीची, तारेच्या जाळीची चाळणी देतात. चाळणीत दोन ओंजळी माती घ्यायची, पाण्यात बुडवायची, हलवायची. चिखल वाहून जातो, खडे उरतात. ते बोटांनी निवडायचे.

मी बाकावर बसले, चाळणी हातात घेतली आणि मला माहेरची गल्ली आठवली. माझं माहेर नागपूरच्या इतवारीत, सराफा ओळीच्या मागं. लहानपणी पहाटे सोनझारी बाया यायच्या. सोनारांच्या दुकानांसमोरचा केर झाडून घ्यायच्या, नालीतला गाळ काढायच्या आणि लाकडी परातीत पाणी घालून गोल गोल फिरवत बसायच्या. शेवटी तळाशी सोन्याचे कण उरायचे, डोळ्याला दिसतील न दिसतील एवढे. त्यांचं त्यावर पोट होतं. त्या परातीला जो झोका देत, तो हात मी पुढं कोणाचाच पाहिला नाही. ओवीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, त्यांना सापडलेलं त्या घरी ठेवायच्या का?" नाही गं बाई, विकायच्या आणि तांदूळ आणायच्या. ती थोडा वेळ गप्प बसून राहिली.

पहिलं ठिकाण मोठ्या रस्त्यावरचं. मोठी पाटी, मोठं दुकान, गाड्यांची गर्दी. नाव देत नाही, कारण अशी बरीच आहेत आणि एकट्या त्याचा दोष नाही. एका बादलीचे चाळीस डॉलर दिले. चाळणी पहिल्यांदा बुडवली आणि वर आला सुपारीएवढा जांभळा ॲमेथिस्ट. दुसऱ्यांदा हिरवा दगड, तिसऱ्यांदा लाल. पोट्टे आधी ओरडले, मग पंधरा मिनिटांत बादली संपली. ईशाननं शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या पिशवीत डोकावून पाहिलं, तर तेच दगड, तेवढेच. त्याचा चेहरा उतरला. जवाई काउंटरवर विचारून आले. तिथल्या माणसानं सरळ सांगितलं की बादल्यांत बाहेरचे दगड घातलेले असतात. ॲमेथिस्ट ब्राझीलचा, आणि ही लाल माणकं तुमच्याच भारतातली. माणूस प्रामाणिक होता, ते मी मानते. पण मग दुकानात गेल्यावर, यातला हा दगड इथंच पैलू पाडून घ्या, अंगठी करून घ्या, असा जो आग्रह सुरू झाला तो मला मुळीच आवडला नाही. पैलूचे पैसे दगडाच्या किमतीच्या कित्येक पट होते. लहान मूल हातात दगड धरून उभं असताना आईबापांना नाही म्हणणं जड जातं, हे त्यांनाही माहीत असतं.

म्हणून पैसे द्यायच्या आधी एकच प्रश्न विचारा: माती इथलीच आहे का, की वरून दगड घातलेत? तिकडे इथल्या मातीला 'नेटिव्ह' म्हणतात आणि भर घातलेल्याला 'एनरिच्ड'. काही ठिकाणी दोन्ही मिळतं. तीन-चार वर्षांचं लेकरू असेल तर भर घातलेली बादली घ्या, त्याला रंग दिसले की पुरे. पण मूल सात-आठ वर्षांचं झालं असेल तर त्याला खऱ्या मातीवर बसवा. कष्ट आहेत, आणि सापडेलच असं नाही. पण जे सापडेल ते त्याचं असतं.

दुसरं ठिकाण कावी खोऱ्यात आत, कच्च्या रस्त्यानं. पन्हळीवर पत्र्याचं छप्पर, बाजूला लाल मातीचा ढीग आणि फावडी. माणशी वीस डॉलर, त्यात दोन बादल्या. पुढची बादली लागली तर वेगळे पैसे, पण दिवसभर बसा, कोणी उठवत नाही. ही माती चिकट, आपल्या पोळ्याच्या बैलांच्या मातीसारखी. पाण्यात नुसती हलवून सुटत नाही. ढेकळं बोटांत धरून फोडावी लागतात, कारण खडा नेमका ढेकळातच दडलेला असतो. पाणी इतकं थंड की अर्ध्या तासात बोटं बधिर.

पहिल्या दोन बादल्यांत आम्हाला काही म्हणता काही मिळालं नाही. गारगोटी, अभ्रकाच्या चकत्या, काळे खडे. मग तिथं मदत करणाऱ्या एक वयस्क बाई आल्या. त्यांनी काही न बोलता माझ्या हातातली चाळणी घेतली. पाण्यात सपाट धरून वरखाली, वरखाली, अगदी एका लयीत हलवली, मध्ये थोडी फिरवली, असं साधारण मिनिटभर. मग ढोकळ्याची थाळी पालथी करतात तशी फळीवर पालथी केली. वर आला तो तळ. आणि त्या तळाच्या बरोबर मधोमध गडद खड्यांचा एक गोल. आमचे हे मागून म्हणाले, "अगं, हे तर जिगिंग! आमच्याकडे धातुकाला असंच धुतात." गारगोटीची घनता २.६५, माणकाची ४ च्या आसपास, गार्नेट नावाच्या दुसऱ्या लालसर खड्याचीही तशीच. पाण्यात उसळलं की जड ते आधी खाली बसतं आणि फिरवल्यानं मधे गोळा होतं. माझ्या डोक्यात मात्र तूरडाळ घोळत होती. सुपात डाळ हलवली की खडे एका अंगाला येतात, तेच हे. पन्नास वर्षं मी ते करत आले. तिसऱ्या चाळणीला माझा हात बसला.

त्यानंतर माणिक मात्र ओवीनं शोधलं. पालथ्या केलेल्या ढिगाच्या मधोमध तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "आजी, हा वेगळाय." हरभऱ्याच्या डाळीएवढा खडा. वरून मातकट, काही विशेष नाही. पाण्यात धुऊन उन्हाकडे धरला तर कडेला डाळिंबाच्या दाण्याचा रंग, आणि एका बाजूला सहा कोनांपैकी तीन कोन स्वच्छ दिसत होते, जसं कोणी चाकूनं कापलेलं. मदतनीस बाईंनी तो आतल्या अंधाऱ्या खोलीत नेऊन अतिनील दिव्याखाली धरला. खडा आतून पेटल्यासारखा लाल झाला, शेजारचे गार्नेट मात्र काळेच राहिले. ओवीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. अंधारात मला तिचा चेहरा दिसत नव्हता, श्वास ऐकू येत होता.

संध्याकाळपर्यंत आमच्याकडे नऊ माणकं, बहुतेक मसुराएवढी, दोन निळसर राखी खडे आणि मूठभर गार्नेट जमले. गार्नेटमधले काही गुलाबी-जांभळे होते. त्या जातीला रोडोलाइट म्हणतात, आणि हे नाव १८९८ साली याच खोऱ्यातल्या दगडांना दिलं गेलं. ईशाननं सगळे वेगवेगळ्या पुड्यांत बांधले आणि पुड्यांवर बादलीचा नंबर घातला. आजोबांचा नातू आहे.

काही गोष्टी मात्र आधी माहीत असाव्यात. पन्हळीपर्यंतची वाट गोट्यांची आणि उताराची आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी. शौचालय साधं, फिरतं. खायला काहीही मिळत नाही. आम्ही तिखट-मिठाच्या पुऱ्या, चिवडा आणि इथून नेलेली संत्रा बर्फी घेऊन गेलो होतो, ती पुरली. लाल मातीचा डाग निघत नाही, माझी फिकी साडी वाया गेली, तेव्हा जुने कपडे घाला. पाठीला टेकायला काही नाही, एक उशी न्या. आणि ही ठिकाणं हिवाळ्यात बहुतेक बंद असतात, दिवाळीनंतर जाणार असाल तर आधी विचारून घ्या. गावात रत्नांचं आणि खनिजांचं संग्रहालय आहे, १८५० च्या सुमाराच्या जुन्या तुरुंगाच्या इमारतीत. कोठड्यांत दगड मांडलेत. तासभर जातोच, आधी ते बघून मग पन्हळीवर जा, म्हणजे पोरांना काय शोधायचं ते कळतं.

पैसे वसूल होतात का, असं माझ्या बहिणीनं विचारलं. दगडांच्या किमतीत बघाल तर नाही. परत आल्यावर मी ओवीचं माणिक इतवारीतल्या एका जुन्या पॉलिशवाल्याला दाखवलं, तिनंच माझ्याजवळ दिलं होतं. त्यानं भिंग लावून बराच वेळ पाहिलं. म्हणाला, काकू, आत जाळी खूप आहे, पैलू धरणार नाही, वरून गोल घासून देईन, चमकेल. मी फोनवर ओवीला विचारलं. तिनं सांगितलं, त्याला हात लावायचा नाही, तीन कोन जातील. मी तसाच परत आणला.

आपल्या जवळ असं काही नाही का, हेही लोक विचारतात. मध्य प्रदेशात पन्ना आहे, हिऱ्यांच्या खाणींचं. तिथं सरकार वर्षाला दोनशे रुपयांत आठ मीटर बाय आठ मीटरचा तुकडा देतं, खोदा, निघालेली खडी धुवा, हिरा सापडला तर हिरा कार्यालयात जमा करा, मग लिलाव होतो. पण ती सुट्टीची गंमत नव्हे. तिथं लोक कर्ज काढून महिनोन्‌महिने खोदतात, त्यांच्या शेजारी आपण पोरांना घेऊन चिवडा खात बसावं हे मला बरं वाटत नाही. मला वाटतं ते आपल्या रामटेकच्या वाटेवर व्हावं. मनसरच्या मँगनीजसोबत जो दगड येतो त्यात गार्नेट असतो, आणि त्या दगडाला फर्मर नावाच्या भूवैज्ञानिकानं गोंडांवरून गोंडाइट नाव दिलंय. जगातल्या पुस्तकांत ते नाव आहे आणि खिंडसीला नावेत बसायला जाणाऱ्या आपल्या मुलांना ते ठाऊक नाही. कोणी तिथं एक पन्हळ, चार चाळण्या आणि ट्रकभर धुण्याजोगी खडी ठेवली तर मी दर रविवारी शिकवायला जाईन, पैसे न घेता.

तोवर आमच्या घरी काम सुरू झालंय. शेजारच्या बांधकामावर कन्हानच्या रेतीचा ढीग पडलाय. ह्यांनी ठेकेदाराला विचारून एक घमेलं आणलं, मी इतवारीतून बारीक जाळीची चाळणी घेतली. काल अंगणात टब मांडून पहिली चाळणी पालथी केली. मधोमध काळ्या रेतीचा गोल आला, त्यात चार-पाच गुलाबी कण. गार्नेट असावेत, असं ह्यांचं म्हणणं. कागदाच्या पुडीत बांधून त्यावर तारीख आणि 'घमेलं १' लिहून ठेवलंय. डिसेंबरात पोट्टे येतील तेव्हा पुडी तेच उघडतील.