न चढलेल्या पायरीचे बारा हजार

"मागचा शिक्का कुठाय?"

विवाह नोंदणीच्या कार्यालयातल्या बाईंनी माझ्या घटस्फोटाचं निकालपत्र हातात घेतलं आणि पहिलं पान न वाचताच शेवटचं पान उलटं केलं. मी म्हटलं, हा काय, आहे की. गोल, जांभळा, चांगला ठसठशीत.

"हा नव्हे हो. नकलेचा. अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी, त्या तारखांचा असतो ना."

तो नव्हता. मग त्यांनी कागद सुलटा केला, मथळ्यावर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "या तालुक्याला कुटुंब न्यायालय कधी झालं?"

तो कागद मिळवायला मी बारा हजार रुपये मोजले होते. कसे मोजले ते सगळं लिहिते, कारण अशा कामाला निघालेली मी काही एकटी नसणार.

माझा घटस्फोट २०१४ चा. परस्पर संमतीचा, मराठवाड्यातल्या माझ्या माहेरच्या तालुक्याच्या कोर्टात झालेला. आता पुण्यात दुसरं लग्न नोंदणी पद्धतीने करायचं ठरलं, तेव्हा घटस्फोटाच्या डिक्रीची, म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्याची, सही-शिक्क्याची प्रत लागणार होती. कोर्टात तिलाच नक्कल म्हणतात. विशेष विवाह कायद्यात नोटीस दिल्यापासून तीस दिवस थांबायचं असतं आणि तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस नव्याने द्यावी लागते. हॉलची तारीख घेऊन झाली होती. कागद कुठे ठेवलेत हे फक्त अण्णांना ठाऊक होतं आणि अण्णा २०१९ मध्येच गेले. आईने गावाकडची ट्रंक उपसली. लग्नाचा अल्बम सापडला, सोनाराच्या पावत्या सापडल्या, मानपानाची यादीसुद्धा सापडली. डिक्री नाही. तेव्हाचे वकील आता कोर्टात जात नाहीत. त्यांच्याकडे विचारलं तर फाइल तुमच्या वडिलांनीच नेली म्हणाले, आणि ते खरंही असेल.

सरळ उपाय होता तो रातराणीत बसून गावी जायचं आणि कोर्टात अर्ज करायचा. तोच मला नको होता. आमच्याकडे कोर्ट स्टँडला लागून आहे आणि अण्णा तिथल्या शाळेत सव्वीस वर्षं मास्तर होते. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक टपरीत त्यांचा एक तरी विद्यार्थी बसलेला असतो. "कुणाची गं तू?" एवढं विचारलं की संपलं. आई तर म्हणालीच, "नको बाई, पुन्हा ती पायरी नको." शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही दोघी फार शहाण्या निघालो.

मग ओळखीतल्या ओळखीतून एक नंबर मिळाला. "मराठवाड्यातल्या कुठल्याही कोर्टाची नक्कल काढून देतात, घरपोच." पहिल्या फोनपासून मी त्याला दादा म्हणायला लागले आणि तो मला ताई. बोलणं इतकं मऊ की मलाच बरं वाटलं. म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला येताय एवढ्या लांब? अशा केसला बायामाणसांना किती त्रास होतो, मला माहिताय. घरी बसून होईल." आता कळतं, तो मला नक्कल विकत नव्हताच. मला तिथे जावं लागणार नाही, हे विकत होता.

आधी ७०० रुपये, अर्ज आणि कोर्ट फी स्टॅम्पचे. मग २,८००, रेकॉर्ड रूममधून गठ्ठा शोधायचे. मग कळलं की फाइल फार जुनी आहे, अर्जंट केल्याशिवाय हलणार नाही; त्याचे ५,०००. शेवटी ३,५००, "साहेबांच्या सहीचं". साहेब कोण, हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर इथे मला कळायला हवं होतं, आणि थोडं कळलंही होतं. पण साडेआठ हजार आधीच गेलेले, आता मागे कसं फिरायचं? स्टॅम्प खरोखरच लागतो, जुन्या फाइली खरोखरच रेकॉर्डला असतात. प्रत्येक थापेला त्याने एका खऱ्या गोष्टीचा टेकू दिला होता.

मधल्या काळात तो एकेक माहिती मागत होता. दोघांची पूर्ण नावं, लग्नाची तारीख, लग्न कुठे लागलं, मूलबाळ आहे का, निकाल साधारण कधी, वकील कोण. आधारकार्डाचा फोटो. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून व्हॉट्सअॅपवर टाईप करत होते. लग्नाची तारीख घाईत चुकली, १२ मे ऐवजी ११ मे गेलं. निकालाचं म्हटलं, जूनमध्ये, पाऊस लागायचा होता.

पाकीट कुरिअरने आलं. सहा पानं. त्या दिवशी मी ती वाचली आणि मला रडू आलं. सगळं त्यात होतं हो.

कार्यालयातून परत आल्यावर रात्री पुन्हा वाचली, तेव्हा दिसलं की मी सांगितलं तेवढंच त्यात होतं. लग्नाची तारीख ११ मे. आमचं स्त्रीधनाचं एक कलम ठरलं होतं, ते मी त्याला बोलले नव्हते. ते निकालपत्रात नाही. निकालाची तारीख १५ जून २०१४. कॅलेंडर काढून बघितलं, रविवार. प्रकरणाला नंबर दिलेला 'पी. ए.' असा. हा नंबर पुणे-मुंबईच्या कुटुंब न्यायालयात असतो. जिथे वेगळं कुटुंब न्यायालय नाही तिथे हे अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात आणि नंबर 'एच. एम. पी.' म्हणून पडतो, म्हणजे हिंदू विवाह अर्ज. त्या माणसाने शहरातली कुठली तरी डिक्री पुढ्यात ठेवून माझ्या तालुक्याचं नाव घातलं होतं.

विश्वास बसावा म्हणून त्याने एक सीएनआर नंबरही पाठवला होता, म्हणजे कोर्टातल्या प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र नंबर. हा सोळा अक्षरांचा असतो: पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, शेवटचे चार आकडे वर्षाचे. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या साइटवर किंवा अॅपवर तो टाकला की प्रकरण उघडतं, त्याला एक पैसा लागत नाही. मी तो तेव्हा टाकून बघितलाच नाही. नंबर आहे म्हणजे खरं असणार, असं वाटलं. त्या रात्री टाकला. चार भावांचा वाटपाचा दावा उघडला, दुसऱ्याच जिल्ह्यातला.

तिथेच मग पक्षकाराच्या नावाने शोधायला बसले. जिल्हा, कोर्ट, वर्ष आणि नाव द्यायचं असतं, पण नाव इंग्रजीत कसं पडलंय हे नोंद करणाऱ्याच्या हातावर असतं. माझ्या सासरच्या आडनावात 'व' आहे. मी तो एका तऱ्हेने लिहिते, नोंद दुसऱ्या तऱ्हेने. पूर्ण नाव टाकून काही मिळालं नाही. आडनावाची पहिली चार अक्षरं तेवढी टाकली तेव्हा यादी आली आणि त्यात अकरावी ओळ माझी होती. निकाली. तारीख १९ जून, गुरुवार. खरा नंबर समोर. नक्कल साइटवरून मिळत नाही, पण अर्जात लिहायला जे लागतं ते सगळं मिळालं, तेही चहा थंड व्हायच्या आत.

मी त्याला फोन केला. दादा नाही म्हटलं या वेळी. पैसे परत मागितले तर आधी हसला, मग त्याच मऊ आवाजात म्हणाला, "ताई, होणाऱ्या साहेबांना सगळं माहीत आहे ना आधीचं? नाही म्हणजे, कागद माझ्याकडे पण आहेत." होणारे साहेब शेजारीच बसले होते. मी फोन स्पीकरवर टाकला. यांनी फक्त "बोला" म्हटलं. फोन कट झाला, तो नंबर पुन्हा लागला नाही. माझ्या घरी सगळं उघड होतं म्हणून हे इतक्यावर निभावलं. जिच्या घरी नसेल तिच्याकडून त्याने आणखी किती काढले असतील? तिच्यासाठीच हे लिहितेय. या प्रकरणांची सुनावणी बंद दाराआड होते, हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ त्यासाठीच आहे. आणि मी ते सगळं आपल्या हाताने टाईप करून एका अनोळखी माणसाला दिलं.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यातही लेखी दिली. पहिला हप्ता जाऊन सहा आठवडे झाले होते. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर ते अडवता येण्याची शक्यता असते, मला नुसता तक्रार क्रमांक मिळाला. पैसे आलेले नाहीत. ठाण्यातल्या साहेबांनी पाकीट, कुरिअरची चिठ्ठी, चॅट, काहीही पुसू नका म्हणून बजावलं आणि वर एक ऐकवलं: न्यायालयाचा खोटा दस्त बनवणं हा भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि खोटा आहे हे कळल्यावरही तो कुठे पुढे केलात तर तुम्हीसुद्धा आत. त्या बाईंनी शेवटचं पान आधी बघितलं नसतं तर मी तो कागद फाइलला लावून, सही करून मोकळी झाले असते. लग्नाच्या पायातच तो गेला असता.

मग गेले गावी. रातराणीने, एकटी. नक्कल विभाग म्हणजे एक खिडकी, एक टेबल आणि दोऱ्याने बांधलेले गठ्ठे. भाऊसाहेबांनी मी लिहून नेलेला नंबर बघितला आणि विचारलं, "पक्षकार तुम्हीच?" हो म्हटलं. ओळखपत्र बघितलं. त्रयस्थाला कारण दाखवून न्यायाधीशांची परवानगी घ्यावी लागते, पक्षकाराला तेवढं नाही. निकालपत्र आणि हुकूमनामा, दोन्ही माग, असं एका वकीलकाकांनी बाकावरून सांगितलं, ते बरं झालं. लोक एकच मागतात आणि पुन्हा खेटा घालतात. अर्जावर स्टॅम्प लावला. नऊ दिवसांनी या म्हणाले, नऊ दिवसांनी गेले, वहीत सही केली, पावती घेतली. नऊ पानं. स्टॅम्प आणि नकलेची फी मिळून १६० रुपये. शेवटच्या पानामागे तो शिक्का, वाकडा, अर्धा फिकट, त्यात निळ्या पेनाने घातलेल्या तारखा. इतका गबाळा शिक्का बघून इतका आनंद कुणाला झाला नसेल.

आणि हे नंतर वाचलं: हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्ये चौथं पोटकलम आहे. घटस्फोटाची डिक्री झाली की कोर्टाने तिची एक प्रत दोन्ही पक्षकारांना विनामूल्य द्यायची. म्हणजे २०१४ मध्ये माझ्या वाटची प्रत फुकट मिळाली असणार, आणि अण्णांनी ती इतकी जपून ठेवली की अजून सापडत नाही.

एसटीला तास होता. स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेतला. मालकाने हातातल्या पिशवीकडे बघितलं, कागदाचं टोक बाहेर आलं होतं.

"कुणाची गं तू?"

सांगितलं, मास्तरांची.

"अगं बया. सर गेले ना. चांगला माणूस." साखर टाकता टाकता म्हणाला, "नक्कल काढलीस होय? जमिनीचं का?"

मी म्हटलं, हो काका, जमिनीचंच.