५ मिमी निओप्रीन नी-कॅप: सात महिन्यांच्या वापरानंतर

वापर: आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी दीड तास बॅडमिंटन.

नी-कॅप म्हणजे गुडघ्यावर चढवायची ताणली जाणारी पट्टी; ही निओप्रीन या कृत्रिम रबराची आहे. तिच्यामुळे गुडघा ऊबदार राहतो, थोडा दाब मिळतो आणि हालचालीचं भान वाढतं. गुडघा मुरगळायचा झाला तर हे कापड त्याला अडवू शकत नाही, एवढं आधीच समजून घ्या.

खरी चूक होते मापात. उभं राहून, पाय सरळ ठेवून वाटीच्या १० सेंमी वर मांडीचा घेर मोजा. काही उत्पादक वाटीवरचाच घेर धरतात, म्हणून तक्ता आधी वाचा. माप दोन साइजच्या मधोमध आलं तर मोठी घ्या. आवळ नी-कॅप सुरुवातीला छान वाटते, पण लंज घेताना (एक पाय लांब पुढे टाकून गुडघा वाकवताना) गुडघ्यामागच्या खोबणीत तिची वळी पडते आणि कातडी सोलवटते. पोटरीत मुंग्या आल्या किंवा पाऊल सुजलं तर लगेच काढा. सैल असेल तर घाम येताच ती खाली उतरते आणि दर दोन रॅलींनंतर वर ओढत बसावं लागतं. ७ मिमीची जाडी वजन घेऊन बैठका मारणाऱ्यांसाठी ठीक; धावपळीच्या खेळात ती फार गरम होते आणि गुडघा वाकवताना अडते.

वाटीसाठी भोक असलेली नी-कॅप घेतली तर भोक बरोबर वाटीवर बसवा. जरा तिरपं बसलं तरी कडेचं पॅड वाटीवरच दाबतं.

घामाचा वास हा हिचा मोठा दोष. खेळून आल्यावर ती किटबॅगेत तशीच ठेवू नका. उलटी करून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. ऊन आणि ब्लीचमुळे निओप्रीन कडक होऊन तडकतं. कातडीवर नी-कॅपच्याच आकाराचं खाजरं पुरळ उठलं तर ती निओप्रीनमधल्या रसायनांची ॲलर्जी असू शकते. मग विणलेल्या कापडाची घ्या.

दिवसभर घालून फिरायची गरज नाही, खेळापुरती पुरे. मांडीचे स्नायू मात्र वेगळे कमवावे लागतात: १५ सेंमी उंच पायरीवरून एका पायावर सावकाश खाली उतरणं, प्रत्येक पायाने १० वेळा, तीन फेऱ्या. गुडघा आत झुकत असेल तर पायरी कमी उंचीची घ्या. सूज, गुडघा अडकणं किंवा अचानक लचकणं असेल तर नी-कॅप चढवून खेळू नका, डॉक्टरांना दाखवा.

सात महिन्यांत वरच्या काठाची शिवण उसवली आणि ताण निम्मा झाला. आता ती घसरते, म्हणजे बदलायची वेळ झाली.