आधी डबा की आधी खेळ?

प्राथमिक शाळेच्या मधल्या सुट्टीत बहुतेक ठिकाणी आधी डबा, मग खेळ. शिक्षकांना हे सोयीचं: हात एकदाच धुवून होतात, मुलं वर्गाजवळच बसून खातात. पण मुलांचं लक्ष मैदानाकडे असतं. चार घास कसेबसे कोंबून, भाजी तशीच ठेवून ती पळतात. भरल्या पोटी धावल्यावर काहींच्या पोटात दुखतं ते वेगळंच.

आधी खेळ ठेवला की चित्र बदलतं. धावून आलेल्या मुलांना खरी भूक लागलेली असते आणि घाई करण्याचं कारण उरत नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात काही प्राथमिक शाळांनी हा बदल केला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथे फळं-भाज्या खाण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी वाढलं. मैदानावरचं भांडणही जेवताना निवतं, वर्गात शिरत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

अडचणी आहेतच. नळावर रांग लागते, आणि न्याहारी न करता आलेलं मूल तोवर कोमेजतं. त्याच्यासाठी सकाळी छोटी खाऊची सुट्टी हवीच. तेवढी सोय होत असेल, तर मी आधी खेळच निवडेन.